मलम देण्याआधी जिन्याचे विचारा

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर उन्हाळ्यातील त्वचाविकारांविषयीचा लेख वाचला. घामोळे, उन्हाने उठणारे पुरळ, हेअर डायची ॲलर्जी यांविषयीची त्यातील माहिती सोप्या भाषेत आली आहे आणि ती उपयोगाची आहे. मात्र फरक न पडल्यास डॉक्टरांना दाखवावे, एवढे सांगून तो लेख थांबतो. मला जे सांगायचे आहे ते तिथून पुढचे आहे. अंगावरचे काही चट्टे हे त्वचेपुरते नसतात; क्वचित प्रसंगी शरीरात दडलेल्या कर्करोगाची ती पहिली आणि बराच काळ एकमेव दिसणारी खूण असते. ही गोष्ट मला माझ्या घरात, आणि फार उशिरा कळली. म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तरी त्यातील लक्षणांचा भाग कृपया तसाच ठेवावा.

मी गेली ३१ वर्षे पुण्यातील एका जुन्या पेठेत औषधांचे दुकान चालवतो. मी डॉक्टर नाही, औषधनिर्माणशास्त्राचा पदविकाधारक आहे, आणि या पत्रातील वैद्यकीय तपशील मी एका त्वचारोगतज्ज्ञ स्नेह्यांकडून तपासून घेतले आहेत. दुकानात दिवसभरात जी गिऱ्हाइके चिठ्ठीशिवाय येतात, त्यांत खाजेचे, गजकर्णाचे, चेहऱ्यावरच्या डागांचे मलम मागणारे सर्वांत जास्त असतात. ‘मागच्या वेळी दिली होती तीच ट्यूब द्या’ हे वाक्य मी किती हजार वेळा ऐकले असेल याची गणती नाही, आणि त्यातल्या बहुतेक वेळा मी ती ट्यूब देऊन मोकळा झालो आहे हे कबूल करूनच पुढे लिहितो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. त्या वेळी त्यांचे वय ५६ होते. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दर गुरुवारी सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून जाण्याचा त्यांचा वीस वर्षांचा नेम होता आणि वरून खाली आल्यावर मंडईतून भाजीच्या दोन पिशव्या घेऊन त्या चालत घरी येत. एप्रिलमध्ये एक दिवस त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, डोळ्यांवर ही काळपट सूज कसली हो? डोकंही फार खाजतं. एखादं चांगलं मलम द्या.” दोन्ही पापण्यांवर जांभळट-तपकिरी झाक होती आणि डोळे किंचित सुजलेले होते. त्या केसांना रंग लावत असत. केसांच्या रंगाची ॲलर्जी पुष्कळदा पापण्यांवरच उठते हे मला माहीत होते. त्यामुळे मी रंग बंद करायला सांगितला आणि फळीवरची स्टेरॉइड असलेली एक ट्यूब काढून दिली. चार दिवसांत खाज कमी झाली, आठवड्याभरात सूज उतरली, आणि ट्यूब थांबवल्यावर पंधरा दिवसांत सगळे पुन्हा जसेच्या तसे आले.

जूनपर्यंत गळ्याखाली, जिथे ब्लाउजचा गळा उघडा राहतो तिथे, आणि मानेमागे खांद्यांपर्यंत तसेच चट्टे पसरले. उन्हात गेले की ते वाढत, म्हणून उन्हाची ॲलर्जी ठरली. फॅमिली डॉक्टरांनीही तेच सांगितले, आणि ते सर्वस्वी चूक होते असे म्हणता येणार नाही, कारण हा आजार खरोखरच उन्हाने चिघळतो. त्याच सुमारास वहिनींचे पर्वतीला जाणे सुटले. पायऱ्या चढताना मांड्यांत जोर राहत नाही, असे त्या म्हणू लागल्या. घरच्यांनी त्याला ‘गुडघे गेले’ असे नाव दिले. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, वयोमानाप्रमाणे झीज आहे म्हणाले, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्याही माझ्याच दुकानातून गेल्या. त्वचेची तक्रार एका दारी गेली आणि पायांची दुसऱ्या दारी. दोन्ही चिठ्ठ्या माझ्या काउंटरवर एकाच आठवड्यात आल्या, आणि त्या दोन्ही एकत्र पाहणारा सगळ्या पुण्यात बहुधा मी एकटाच माणूस होतो. मी त्या पाहिल्या, औषधे दिली, बिल केले.

गौरी-गणपतीत त्यांच्याकडे गेलो, तेव्हा वहिनींनी चहाची कपबशी पुढे केली आणि त्यांचा हात माझ्या डोळ्यांसमोर आला. बोटांच्या प्रत्येक सांध्यावर एकेक उंचवटा होता. जांभळट-तपकिरी, वर बारीक कोंडा सुटलेला, आणि दोन सांध्यांमधली कातडी स्वच्छ. नखांच्या मुळाशी लालसर कडा होत्या आणि तिथे हात लावला की दुखे. भांड्यांच्या साबणाने झाले असावे असे मला वाटले. मी हातमोजे वापरायचा सल्ला दिला आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक ट्यूब पाठवली. त्याच दिवशी माझ्या लक्षात यायला हवे होते की जन्मभर जमिनीवर बसून विळीवर भाजी चिरणाऱ्या वहिनी आता टेबलाशी उभ्या राहून सुरीने चिरत होत्या, की त्यांचा अंबाडा पुतणी बांधून देत होती, कारण केस वर धरून ठेवेपर्यंत त्यांचे हात भरून येत होते. घरात सगळ्यांना हे दिसत होते, पण प्रत्येकाने त्याला वयाचे कारण चिकटवले होते. दिवाळीत पाणी पिताना त्यांना ठसका लागू लागला आणि भाकरी आमटीत पूर्ण भिजवल्याशिवाय गिळता येईना.

डिसेंबरात त्यांना शहरातील एका शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात नेले. तिथल्या तरुण निवासी डॉक्टरांनी चट्टे पाहिले, हाताची बोटे उजेडाकडे धरून पाहिली, आणि मग त्वचेशी काहीच संबंध नसावा असा प्रश्न विचारला: “काकू, जिना चढताना कठड्याला धरावं लागतं का?” त्यानंतर त्यांनी वहिनींना खाली मांडी घालून बसायला आणि हात न टेकता उठायला सांगितले. वहिनींना उठता आले नाही. आठ महिने आम्ही सगळ्यांनी मिळून जे पाहिले नव्हते, ते त्या मुलीने पाच मिनिटांत पाहिले.

आजाराचे नाव डर्माटोमायोसायटिस. नाव अवघड आहे, पण अर्थ सरळ आहे: त्वचा आणि स्नायू या दोन्हींचा दाह. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर आणि स्नायूंवर चालून जाते. पापण्यांवरची जांभळट झाक, गळ्याखालचे आणि शाल पांघरल्यावर जेवढा भाग झाकला जाईल तेवढ्या भागावरचे चट्टे, बोटांच्या सांध्यांवरचे उंचवटे, डोक्याच्या कातडीची न थांबणारी खाज ही त्याची त्वचेवरची ओळख. आणि खांदे, दंड, कंबर, मांड्या यांतील मोठे स्नायू दुबळे होणे ही आतली. त्यामुळे माणसाला पेन धरता येतो, बटण लावता येते, पण फळीवरचा डबा काढता येत नाही आणि खाली बसले की उठता येत नाही. रक्तातील सीपीके हे स्नायूंचे विकर तपासले की बहुतेक वेळा स्नायूंच्या दाहाचा पुरावा मिळतो. वहिनींचे सीपीके सामान्य मर्यादेच्या कित्येक पट निघाले. ही तपासणी पुण्यातील कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते. काही रुग्णांत मात्र स्नायू जवळपास शाबूत राहतात आणि आजार त्वचेवरच दिसतो. त्यामुळे सीपीके चांगले आले म्हणून चट्टे सोडून देता येत नाहीत, हेही इथेच सांगायला हवे.

आता मुख्य मुद्दा. प्रौढ वयात हा आजार झालेल्यांपैकी लक्षणीय रुग्णांच्या शरीरात कर्करोग असतो किंवा लवकरच आढळतो. हे काही कालपरवा कळलेले नाही. १९१६ साली जर्मन वैद्यांनी अशा रुग्णांची नोंद केली होती. पुढे स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड या तीन देशांनी आपल्या राष्ट्रीय नोंदवह्या एकत्र करून केलेला अभ्यास २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात डर्माटोमायोसायटिसचे ६१८ रुग्ण होते आणि त्यांपैकी १९८ जणांना कर्करोग होता. त्या १९८ पैकी ११५ जणांचा कर्करोग त्वचेच्या आणि स्नायूंच्या आजाराचे निदान झाल्यानंतर सापडला. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत हा धोका सुमारे तिप्पट होता. अंडाशय, फुप्फुस, स्वादुपिंड, जठर, मोठे आतडे यांचे कर्करोग आणि लसिका ग्रंथींचा लिम्फोमा हे त्यात ठळक होते. धोका सर्वांत जास्त असतो तो निदानानंतरच्या पहिल्या वर्षात. पुढे तो हळूहळू उतरत जातो. लहान मुलांना होणाऱ्या याच आजाराचा कर्करोगाशी असा संबंध आढळत नाही, म्हणून ज्यांच्या मुलांना तो आहे त्यांनी या पत्राने घाबरून जाऊ नये.

त्वचेवर चट्टे उठणे आणि पोटात गाठ असणे यांचा संबंध काय, असा प्रश्न आमच्या घरात सर्वांनीच विचारला. तज्ज्ञांनी जे समजावले ते मला समजले तसे सांगतो. आपल्या पेशींमध्ये टीआयएफ-१ गॅमा नावाचे एक प्रथिन असते. कर्करोगाच्या गाठीत या प्रथिनाच्या जनुकात बिघाड होऊन ते बदलते, तेव्हा रोगप्रतिकारक यंत्रणा त्याला परके समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पण तेच प्रथिन त्वचेच्या पेशींत आणि झीज भरून काढणाऱ्या स्नायूंच्या पेशींतही असते. गाठीवर रोखलेला मारा मग तिकडेही वळतो. संशोधकांची ही मांडणी खरी धरली, तर वहिनींच्या बोटांवरचे ते उंचवटे म्हणजे त्यांचे शरीर आतल्या गाठीशी झुंजत असल्याचा पुरावा होता, आणि मी त्यावर झुंज शमवणारे मलम देत होतो. हा विचार मनात आला की आजही माझी झोप उडते.

इथे आणखी एक टप्पा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. डर्माटोमायोसायटिसचे निदान झाल्यावर वहिनींच्या छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी आणि नेहमीच्या रक्ततपासण्या झाल्या. सगळे अहवाल चांगले आले. घरात पेढे आणायचेच तेवढे बाकी राहिले होते. भाऊ म्हणाला, आता पुरे, उगाच तपासण्यांवर खर्च नको. तपासण्यांचा खर्च हा मध्यमवर्गीय घरात केवढा मोठा प्रश्न असतो हे मी रोज काउंटरवर पाहतो, त्यामुळे त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण विभागातील वरिष्ठ डॉक्टर थांबल्या नाहीत. वय ४० च्या पुढे, गिळायला त्रास, आणि रक्तात टीआयएफ-१ गॅमाविरुद्धची प्रतिपिंडे सापडलेली, अशा रुग्णात सोनोग्राफीवर विसंबून चालत नाही, असे त्यांनी भावाला समोर बसवून समजावले. मान, छाती, पोट आणि ओटीपोट यांचा सीटी स्कॅन झाला, सीए-१२५ ही रक्ततपासणी झाली, आणि डाव्या अंडाशयाची गाठ सापडली. ती तोवर पोटाच्या आतील आवरणापर्यंत पोहोचली होती.

या रुग्णांमध्ये कर्करोग कसा शोधावा यासाठी स्नायूदाहाच्या आजारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. ज्यांचा धोका जास्त आहे त्यांची निदान होताच विस्तृत तपासणी करावी आणि त्यानंतर तीन वर्षे दरवर्षी मूलभूत तपासणी चालू ठेवावी, असा त्यांचा गाभा आहे. एकदा शोधले, सापडले नाही, विषय संपला, असे या आजारात नसते. माझ्या या पत्रातून एखाद्या रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकाने एकच वाक्य लक्षात ठेवायचे तर ते हे ठेवावे. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. या मोजक्या रुग्णांच्या शोध-तपासण्यांचा भार उचलण्याची काही सोय शासनाला करता आली, तर तो खर्च कोणत्याही हिशेबाने वाया जाणार नाही. हा आजार दुर्मीळ आहे, दर दहा लाख लोकांमागे वर्षाला मोजके नवे रुग्ण. २०११ च्या जनगणनेत ९४ लाखांवर लोकसंख्या असलेल्या आपल्या जिल्ह्यात हा आकडा वर्षाला काही दहांच्या घरात असावा, असा माझा साधा हिशेब आहे. त्यांच्यासाठी तिजोरी रिकामी होणार नाही.

या पत्राने कोणी आपल्या प्रत्येक चट्ट्याकडे भीतीने पाहू लागू नये. गजकर्ण, खरूज, साधे इसब, अंगावर उठणारे पित्त, सोरायसिस हे आजार त्रासदायक आहेत, पण ते कर्करोगाची खूण नाहीत. ज्यांना वर्षानुवर्षे सोरायसिस आहे त्यांनी आपला उपचार नीट चालू ठेवावा, इतकेच. प्रश्न आहे तो न जुळणाऱ्या चट्ट्यांचा: पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे पहिल्यांदाच उठलेले, उपचाराला दाद न देणारे, ट्यूब थांबवली की परत येणारे, आणि सोबत अशक्तपणा, ताप, वजन घटणे, गिळायला त्रास असे काहीतरी घेऊन आलेले.

असे आजार एकच नाहीत. ब्रिटिश शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये सुमारे पंधरा स्त्रियांची हकिकत लिहून ठेवली: स्तनाग्रावर इसबासारखे दिसणारे, खाजणारे, ओलसर चट्टे, आणि त्या सगळ्यांना नंतर त्याच स्तनाचा कर्करोग. दीडशे वर्षे झाली, तरी आजही एखादी बाई माझ्या दुकानात येते, बाजूला कोणी पुरुष नाही ना हे पाहते, आणि हलक्या आवाजात ‘तिथल्या’ खाजेसाठी मलम मागते. एकाच बाजूच्या स्तनाग्रावर आठवड्यांमागून आठवडे न बरा होणारा चट्टा असेल तर त्याला मलम लावत बसू नये, तुकडा काढून तपासून घ्यावा, हे तिला सांगायला आमच्या दुकानात बाई नसते आणि मला संकोच वाटतो. तो संकोच मी आता सोडला आहे. अचानक ताप येऊन अंगावर दुखरे, लालभडक, फुगीर चट्टे उठणारा एक आजार इंग्लंडमधील त्वचारोगतज्ज्ञ रॉबर्ट स्वीट यांनी १९६४ मध्ये वर्णिला. त्याच्या काही रुग्णांमध्ये रक्ताचा कर्करोग आढळतो. मायकोसिस फंगॉइडिस नावाचा त्वचेचा लिम्फोमा तर वर्षानुवर्षे इसब किंवा सोरायसिस समजला जातो, कारण सुरुवातीला तो दिसतोच तसा. आणि नावात ‘फंगॉइडिस’ असले तरी त्याचा बुरशीशी काही संबंध नाही. कधी कधी तर चट्टाही नसतो, नुसती अंगभर खाज असते, रात्री घाम येतो, वजन उतरते, आणि मूळ लिम्फोमात असते.

उलट दिशेचाही एक संबंध आहे आणि तो आपल्या मातीतला म्हणून इथे नोंदवतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात, कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाने त्याच जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन केले. तसाच कर्करोग पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांच्या कमरेवरही आढळला. परकराच्या नाडीखाली वर्षानुवर्षे काळा, जाड, सोललेला पट्टा वागवणाऱ्या बायका प्रत्येक घरात आहेत. त्यांतल्या फार थोड्यांना पुढे काही होते, पण तिथे न भरणारी जखम झाली तर ती दाखवली पाहिजे.

आता माझ्या व्यवसायबंधूंसाठी. स्टेरॉइड असलेली मलमे आपण ज्या सहजतेने देतो ती सहजता थांबली पाहिजे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा अनेक मलमांना ‘शेड्यूल एच’च्या कक्षेत आणले, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे. तरीही ती विकली जातात, हे आपण सगळे जाणतो. या मलमांनी गजकर्ण चिघळते, कातडी पातळ होते, चेहरा लाल पडतो, हे त्वचारोगतज्ज्ञ कंठशोष करून सांगत आले आहेत. मला त्यात एका गोष्टीची भर घालायची आहे. ही मलमे आजार पुसट करतात. दाह तात्पुरता उतरतो, खाज थांबते, चट्ट्याचा रंग बदलतो, आणि डॉक्टरांपुढे जाईपर्यंत ओळखीच्या खुणा मावळलेल्या असतात. वहिनींच्या पापण्यांवरची सूज मी दोनदा उतरवली, आणि त्या दोन्ही वेळा त्यांचे डॉक्टरांकडे जाणे लांबले.

कोणी म्हणेल की औषधविक्रेत्याने निदान करू नये. खरे आहे, करू नयेच. पण विचारायला चिठ्ठी लागत नाही. मी आता चट्ट्यांसाठी मलम मागणाऱ्या प्रत्येक चाळिशीपुढच्या माणसाला तीन-चार गोष्टी विचारतो. जिना चढताना त्रास होतो का, खाली बसल्यावर उठता येते का, केस विंचरताना हात दुखून येतात का, घास अडकतो का. बहुतेक जण नाही म्हणतात, काही जण माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतात. गिऱ्हाईक तुटते का? क्वचित तुटते. गेल्या दोन वर्षांत दोघांना मी मलम न देता थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले; एकाला साधी ॲलर्जी निघाली, आणि एका बाईंना हाच आजार निघाला, त्यांच्या तपासण्या चालू आहेत आणि आजवर कर्करोग आढळलेला नाही. दर वर्षी त्या तपासणीला जातात की नाही हे मी आठवणीने विचारतो.

फॅमिली डॉक्टरांना माझी विनंती अशी की एकाच रुग्णाच्या दोन तक्रारी दोन तज्ज्ञांकडे पाठवताना त्या दोन्ही एकाच कागदावर लिहाव्यात. हाडांच्या डॉक्टरांना चट्ट्यांचे माहीत नव्हते, आणि चट्टे पाहणाऱ्यांना पायांचे माहीत नव्हते. रुग्ण स्वतःहून सांगत नाही, कारण त्वचेच्या डॉक्टरांना गुडघ्याचे काय सांगायचे, असे त्याला वाटते. त्यात त्याचा दोष नाही.

अंडाशयाचा कर्करोग बहुतेक वेळा उशिराच सापडतो. आठ महिने आधी कळले असते तर वहिनी वाचल्याच असत्या असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. डॉक्टरांनीही तसे म्हटले नाही. त्यांची शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपीच्या सहा फेऱ्या झाल्या. गाठ निघाली तसे चट्टेही ओसरले; बोटांचे सांधे जवळजवळ पूर्वीसारखे झाले, आणि एका गुरुवारी त्या भावाच्या आधाराने, अर्ध्या वाटेत दोनदा बसून, पर्वती चढल्या. दीड वर्षाने सांध्यांवर पुन्हा जांभळट झाक आली. या वेळी कोणी मलम दिले नाही. भावाने ती सकाळी पाहिली आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवले. तपासणीत कर्करोग परतल्याचे दिसले. पुढे आणखी वर्षभर उपचार चालले. गेल्या वर्षी वहिनी गेल्या.

शेवटी एक गोष्ट, आणि ती थेट आपल्याकडे मागणारी आहे. आजाराचे निदान झाल्यावर मी या चट्ट्यांची चित्रे शोधली. पुस्तकांत आणि इंटरनेटवर जी पाहिली, त्यांत बहुतेक सगळी गोऱ्या कातडीवरची होती: गुलाबी, लालबुंद, जांभळी. आमच्या वहिनींच्या सावळ्या हातावर ते लाल कधी दिसलेच नाही. तपकिरी, काळपट, राखाडी-जांभळे दिसले. मला ते ओळखू न येण्याचे हेही एक कारण होते, आणि मला वाटते अनेक तरुण डॉक्टरांनाही ते याच कारणाने ओळखू येत नसावे. निदानाच्या आठवड्यात, रुग्णालयाच्या खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, भावाने वहिनींच्या दोन्ही हातांचे आणि मिटलेल्या पापण्यांचे छायाचित्र काढले होते. डॉक्टरांनी ते विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मागितले, तेव्हा वहिनींनी स्वतः होकार दिला होता. ‘चेहरा ओळखू येणार नसेल तर कुठंही दाखवा’ असे त्या म्हणाल्या होत्या. आपल्या आरोग्याच्या पानावर ते छापायचे असेल, तर मी आणि भाऊ ते घेऊन कार्यालयात येऊ. रंगीत छापावे, एवढीच विनंती आहे. काळ्या-पांढऱ्यात त्यातले काहीच दिसत नाही.

आपला नम्र,
एक औषधविक्रेता, पुणे
(कुटुंबाच्या इच्छेनुसार नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)